चौथा मास्क

आमच्या एअरबस ३२० विमानात मधल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीट असतात आणि प्रत्येक तीन सीटच्या डोक्यावर चार ऑक्सिजन मास्क. चौथा मास्क मांडीवरच्या बाळाचा. म्हणून एका बाजूच्या तीन सीटमध्ये एकच तान्हं बाळ बसू शकतं. दुसरं आलं तर एकाला तिथून हलवावंच लागतं. जागा देतानाच ही काळजी घेतलेली असते. पण आत आल्यावर लोक आपापसात जागा बदलतात, कुणाला खिडकी हवी असते, कुणाला नवऱ्याशेजारी बसायचं असतं. त्या दिवशी तेच झालं, आणि त्यामुळेच मी त्या ताईंपर्यंत पोचले.

भुवनेश्वर ते मुंबई, दुपारचं विमान, सव्वादोन तासांचा पल्ला. आषाढ होता, रथयात्रा नुकतीच झाली होती. पुरीहून परतणाऱ्यांनी विमान भरलं होतं आणि वरचे कप्पे खाजाच्या खोक्यांनी. तुपाचा गोड वास पुढच्या दारापर्यंत येत होता. मी क्रू लीड, म्हणजे केबिनमधल्या कर्मचाऱ्यांची प्रमुख. अकरा वर्षं हे काम करतेय, त्यातली शेवटची चार लीड म्हणून.

चौदाव्या रांगेत दोन बाळं एकाच बाजूला आल्याचं माझ्या सहकारी मुलीनं सांगितलं म्हणून मी मागे गेले. एक बाळ सात-आठ महिन्यांचं, आईच्या खांद्यावरून हात मारत सगळ्यांकडे बघत होतं. दुसरं अगदी लहान, पांढऱ्या मलमलीत गुंडाळलेलं. ज्यांच्या मांडीवर ते होतं त्या बाई चाळिशीच्या असाव्यात, शेजारी नवरा. मी कारण समजावून सांगितलं तशा त्या लगेच उठल्या. तिसऱ्या रांगेतल्या दोन प्रवाशांनी आनंदानं जागा बदलून दिली.

पुढे नेऊन बसवल्यावर मी इन्फंट बेल्ट आणून दिला. हा एक छोटा पट्टा असतो. त्याच्या एका टोकाच्या फासातून आईचा पट्टा ओवायचा आणि उरलेला भाग बाळाच्या पोटाभोवती बांधायचा. आईच्या पट्ट्यातच बाळाला घेऊन एकत्र बक्कल लावायचं नाही, कारण जोराचा हिसका बसला तर आईचं सगळं वजन बाळावर येतं. मी हे रोज दाखवते. बहुतेक आया माझं बोलणं ऐकता ऐकता एका हातानं बाळ सावरतात आणि दुसऱ्यानं पट्टा ओवतात. या बाईंनी मात्र दोन्ही हात सोडले नाहीत. काठोकाठ भरलेली कळशी धरावी तसं बाळ धरलं होतं, थेंबही सांडू नये असं. पट्टा शेवटी मीच बांधला.

"किती महिन्यांचं?" मी विचारलं.

"साडेतीन," त्या म्हणाल्या. मला ते दीड महिन्याचं वाटलं होतं.

"नाव काय?"

दोघांनी एकाच वेळी दोन वेगळी नावं सांगितली.

मग गप्प झाले. त्यांनी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्यानं खिडकीकडे. मी हसून "छान" म्हटलं आणि दाराकडे परतले, पण पोटात काहीतरी हललं होतं.

आमच्या प्रशिक्षणात मानवी तस्करीवर एक सत्र असतं. लहान मूल सोबत असलेल्या माणसाला त्या मुलाची साधी माहिती नसणं, प्रश्न टाळणं, मूल अनैसर्गिकपणे झोपलेलं असणं, या खुणा तिथे शिकवतात. आणि हेही बजावतात की संशय आला तर स्वतः चौकशीला बसायचं नाही, कुणाला अडवायचं नाही. कॅप्टनला कळवायचं, ते खाली कळवतात, पुढचं पोलीस बघतात. विमान वर गेल्यावर मी त्या खुणा एकेक करून मोजत होते. उड्डाणाच्या वेळी बाळ रडलं नाही. बाजूनं ट्रॉली खडखडत गेली तरी हललं नाही. बाईंनी एकदाही त्याला पाजलं नव्हतं. आणि ती दोन नावं.

मी इंटरकॉमवर कॅप्टनशी बोलले. ते शांतपणे म्हणाले, "बाळाची तब्येत आधी बघ. साधं बोल, तपासणी केल्यासारखं नको. तासाभरात मला सांग, खाली कळवायला वेळ आहे."

मी पाण्याचे दोन ग्लास घेऊन गेले. बाई बाळाच्या कपाळावर वाकल्या होत्या आणि कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणत होत्या, "माझी बाय गं ती." आत्तापर्यंत आमचं बोलणं हिंदीत चाललं होतं. मी मराठीत विचारलं, "ताई, कुठल्या तुम्ही?"

"अलिबागकडच्या." चेहरा उजळला आणि लगेच मावळला. माझ्या नजरेत काय आहे ते त्यांना दिसलं असणार. त्यांनी पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे हात नेला आणि एक प्लास्टिकची फाइल वर काढली.

"दाखवते," त्या म्हणाल्या. "सकाळपासून चौथ्यांदा दाखवतेय."

फाइलमध्ये संस्थेचं पत्र होतं, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचा अहवाल, दत्तकपूर्व संगोपनाची कागदपत्रं. काल दुपारी बाळ त्यांच्या हातात आलं होतं. साडेतीन वर्षं वाट पाहिल्यावर केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या पोर्टलवर फोटो आला. होकार द्यायला ४८ तास असतात. यांनी चहा निवायच्या आत दिला. २०२२पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, तो अजून यायचा होता, तोवर बाळ त्यांच्याकडे संगोपनासाठी. एक नाव संस्थेनं ठेवलेलं, बोर्डिंग पासवर तेच. दुसरं नाव घरी ठरलेलं. बाईंच्या तोंडून अजून पहिलंच येत होतं. "ती त्याच नावाला मान वळवते हो," त्या म्हणाल्या, "मला ते एकदम काढून घ्यावंसं वाटत नाही."

मग त्यांनी विचारलं, "आम्ही आईबाप वाटत नाही का?"

हे नेहमीचंच असतं, सगळ्यांनाच विचारतो, असं सांगून मी सुटू शकले असते. पण ते खरं नव्हतं. मी वाटेत गुडघ्यावर बसले आणि सांगितलं, "ताई, मला बाळाची काळजी वाटली म्हणून विचारलं. ते चुकलं असं मी म्हणणार नाही, कारण उद्या खरंच कुणी एखादं बाळ पळवून नेत असेल तर मी विचारायलाच हवं. पण तुम्हाला त्रास झाला, त्याचं मला वाईट वाटतंय."

त्या काही बोलल्या नाहीत. फाइल मिटली. थोड्या वेळानं म्हणाल्या, "बरोबर आहे. हिच्यासाठी कुणी विचारलं नसतं तर मलाच राग आला असता."

मी कॅप्टनना कळवलं की काळजीचं काही नाही. आणि मग माझं नेहमीचं काम सुरू झालं, जे मला फार आवडतं.

विमान ३५-३६ हजार फुटांवर असलं तरी आतला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवलेला असतो. कळसूबाईचा माथा ५४०० फूट. म्हणजे प्रवासाचा मोठा भाग आपण कळसूबाईपेक्षा वर बसलेलो असतो, आणि उतरताना साधारण अर्ध्या तासात समुद्रसपाटीला येतो. कानाच्या पडद्याच्या आत जी हवा असते तिचा दाब बाहेरच्याशी जुळायला घशाकडे जाणारी एक बारीक नळी उघडावी लागते. आपण आवंढा गिळतो, जांभई देतो, ती उघडते. बाळाला हे समजत नाही, त्याला फक्त गिळता येतं. म्हणून उतरताना पाजायचं. चढतानाही पाजतात, पण चढताना आतली हवा आपसूक बाहेर पडते. उतरताना ती नळी चिकटून बसते, खरा त्रास तेव्हा. झोपलेलं बाळ कमी गिळतं, म्हणून विमान खाली यायला लागलं की झोपलेल्या बाळालाही हळूच जागं करावं.

हे सगळं मी सांगत होते आणि त्या एकेक शब्द टिपून घेत होत्या. नवऱ्यानं घड्याळ बघितलं. संस्थेतल्या ताईंनी दर तीन तासांची वेळ लिहून दिली होती आणि दुधाच्या पावडरीचे तीन मापाचे डबे भरून दिले होते. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये. पुढची वेळ चार वीसची. मी म्हटलं, "वीस मिनिटं थांबूया, विमान उतरायला लागलं की द्या."

"ती मागत नाही," बाई म्हणाल्या. "तिथल्या ताई म्हणाल्या, रडत नाही फारशी. कालपासून आम्ही तिचं रडणं ऐकलंच नाही. कण्हते थोडी आणि गप्प होते." मला आधी जी अनैसर्गिक झोप वाटली होती ती ही. एका खोलीत पंधरा-वीस पाळणे आणि हात मोजके. तिथे बाळ लवकर शिकतं की रडून फार काही होत नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही. त्यांना माहीत होतं.

विमान उतरायला लागलं तशी त्यांनी पहिली बाटली दिली. बाळ शहाण्यासारखं पिऊन झोपलं. मी निर्धास्त झाले होते तेवढ्यात कॅप्टननी सांगितलं की मुंबईवर पाऊस कोसळतोय, पुढे विमानांची रांग आहे, पंचवीस मिनिटं घिरट्या घालाव्या लागतील. आणि मला इंटरकॉमवर, "इथे हवा शांत आहे. दहा मिनिटं उभी राहू शकतेस. नंतर सगळ्यांना बसव."

म्हणजे उरलेलं उतरणं अजून बाकी, आणि दूध संपलेलं.

मी त्यांना विचारलं, "अजून एक डबा आहे ना? थोडंसंच करूया, कानांपुरतं." विमानाच्या टाकीतलं पाणी मी कधीही बाळाच्या दुधाला वापरू देत नाही, थर्मासमधलं होतं ते पुरेसं होतं. पण ते चटका बसेल इतकं गरम. त्या माझ्याबरोबर गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात आल्या, बाळ नवऱ्याकडे देऊन. मी एका कपात बर्फ आणि पाणी घेतलं आणि बंद बाटली त्यात उभी करून फिरवत राहिले. मग त्यांचा हात ओढून मनगटाच्या आतल्या बाजूवर एक थेंब पाडला.

"गरम आहे," त्या म्हणाल्या.

पुन्हा फिरवली. पुन्हा थेंब.

"आत्ता?"

त्या थांबल्या. थेंब निळ्या शिरेवर होता, तिथून घरंगळून बांगडीपाशी आला. "आत्ता लागतच नाही काही," त्या म्हणाल्या. "गरमही नाही, गारही नाही."

"मग झालं. लागायलाच नको. ते तुमच्या अंगाइतकं कोमट."

त्यांनी बाटली माझ्या हातातून घेतली आणि ओढणीत गुंडाळली.

सगळ्यांना बसवून मी दाराजवळच्या माझ्या आसनावर पट्टे बांधले. ते आसन प्रवाशांकडे तोंड करून असतं, तिसरी रांग अगदी समोर. ढगात शिरल्यावर विमान हलायला लागलं. आता मला उठता येणार नव्हतं. बाळ झोपलेलं, बाई त्याच्या गालाला बोट लावून जागं करायला कचरत होत्या, आणि मी लांबून मानेनं सांगत होते, करा, करा.

तेवढ्यात बाळ स्वतःच जागं झालं. आधी तोंड वाकडं केलं, हात कानाकडे गेले, आणि मग ते रडलं. साडेतीन महिन्यांचं, चार किलोच्या आसपासचं ते बाळ, पण आवाज इंजिनाच्या वर गेला. चेहरा लालभडक, मुठी घट्ट. मागे कुणीतरी "अरे अरे" केलं. मी त्या दोघांकडे बघत होते. नवऱ्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं आणि खांदे हलत होते. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "रडतेय," त्या मला म्हणाल्या. आवाज पोचला नाही, ओठांवरून कळलं. "अहो, रडतेय ही."

बाटली ओढणीतच होती, त्या विसरल्या होत्या. मी हात वर केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं मनगटाच्या आतल्या बाजूवर दोनदा टिचकी मारली. त्यांना कळलं. बाटली काढली, थेंब पाडला, आणि नवऱ्याकडे न बघता, माझ्याकडेही न बघता, बाळाच्या तोंडात दिली. दोन-तीनदा बाळानं ती झिडकारली. मग ओठ मिटले आणि हनुवटी खालीवर होऊ लागली. रडणं हुंदक्यांत उतरलं, हुंदके घोटांत. चाकं टेकली तेव्हा बाळ पीतच होतं.

मुंबईत पाऊस इतका होता की खिडकीतून दिवेसुद्धा नीट दिसत नव्हते. लोक उभे राहिले, खाजाची खोकी उतरवली, एक आजी मला म्हणाल्या की जगन्नाथ झाला, आता आषाढीला पंढरीही होईल. सगळे गेले. तिसऱ्या रांगेतली दोघं बसूनच होती. बाळ झोपलं होतं, या वेळी तोंड थोडं उघडं ठेवून, दुधाचा एक थेंब ओठाच्या कडेला.

इन्फंट बेल्ट परत घ्यायचा होता. मी वाकले तशा ताईंनी मानेनंच नको म्हटलं. एका हातानं बाळाला छातीशी धरलं, दुसऱ्या हातानं बक्कल चाचपलं, आणि खटका वाजू नये म्हणून त्यावर ओढणीची घडी दाबून हळूच सोडवलं.