न्यूयॉर्क सबवे: टेबलावर सॅक ठेवण्याआधी

न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स वस्तीत किराणा घेतला, सॅक गच्च भरली आणि सबवेच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, रूझवेल्ट अव्हेन्यू स्टेशनात उतरलो. टर्नस्टाइलच्या (आत शिरायच्या फिरत्या फाटकाच्या) अलीकडेच टेबल मांडून पोलीस उभे. "सर, बॅग बघू का?" मी लगेच सॅक टेबलावर! दिल्ली मेट्रोत स्कॅनरच्या पट्ट्यावर बॅग टाकल्याशिवाय आत पाऊलच टाकता येत नाही, ती सवय. (आपल्या दादरला कोण कुणाची पिशवी बघतो म्हणा.) त्यांनी सॅक उघडलीसुद्धा नाही. स्फोटकांचा अंश टिपणारी एक पट्टी चेनवरून फिरवली, यंत्रात घातली, झालं. आत हिंगाची डबी होती, म्हणून मला उगाच धाकधूक.

लेक हळूच म्हणाली, "बाबा, नको म्हणाला असतात तरी चाललं असतं."

जुलै २००५ च्या लंडनमधल्या स्फोटांनंतर ही तपासणी इथे सुरू झाली. संशय नसताना झडती कशी घेता, म्हणून न्यूयॉर्क सिव्हिल लिबर्टीज युनियन ही नागरी हक्कांसाठी लढणारी संस्था कोर्टात गेली. २००६ मध्ये अपील कोर्टाने तपासणी वैध ठरवली. त्यात आधी सूचना मिळते, कितव्या माणसाला थांबवायचं तो आकडा ठरलेला असतो आणि नकार देऊन परत फिरता येतं, हे कोर्टाने जमेस धरलं. परत फिरता येत असेल तर बॉम्बवालाही फिरेल की! कोर्टाचं म्हणणं, टेबल कुठे लागेल हे त्याला ठाऊक नसतं, तेवढ्यानेही बेत फिसकटतो. मला हे अर्धंच पटलं.

जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवा: टेबल तिकिटाच्या आधी असतं, तेव्हा कार्ड टेकवायच्या आत काय ते ठरवा. नकार दिला म्हणून अटक होत नाही. पण तीच बॅग घेऊन दुसऱ्या दाराने शिरू नका, त्यासाठी मात्र होऊ शकते. शोधायची असतात ती स्फोटकं; कागद वाचायचे नाहीत, नाव-पत्ता विचारायचा नाही, असा नियम आहे. घाई असेल तर छोटी पर्स बरी, मोठ्या सॅकवरच नजर असते.

निघायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका स्टेशनात पुन्हा टेबल दिसलं. खांबाला टेकून बॅगवाले मोजत बसलो. दर सहावा. सूटवाला असो की दाढीवाला, आकडा चुकला नाही. एक बाई "नो, थँक्स" म्हणाल्या आणि जिना चढून रस्त्यावर गेल्या. कुणी मागून हाकही मारली नाही.