शिडीखालचा माणूस

दिवाळीच्या तोंडावर सांगलीच्या गावभागात कुठल्याही बोळात शिरा, भिंतीला शिडी लागलेली दिसतेच. 2019 च्या महापुरानंतर तर ओल धरलेले पोपडे खरवडायला घरोघरी शिड्या निघाल्या होत्या. बघणाऱ्याला वाटतं, शिडी भिंतीच्या जिवावर उभी आहे. पण भिंत म्हणजे लग्नात फेटा बांधून मिरवणारे काका. राबतो तो मागचा आचारी, आणि इथं तो आचारी म्हणजे फरशी.

भिंत शिडीला उलट बाहेरच ढकलत असते. तो रेटा अडवतं पायथ्याचं घर्षण. भिंत अगदी गुळगुळीत असली तरी शिडी उभी राहू शकते; फरशीवर मात्र घर्षणच नसेल, तर भिंत कितीही खरबरीत असो, शिडी घसरणारच. ओल्या शहाबादीवर रंगारी शिडीच्या पायाखाली गोणपाट घालतो ते उगाच नाही.

खरी गंमत चढताना होते. भिंत गुळगुळीत आणि शिडी हलकी धरू. वर 12 फूट आणि पाया भिंतीपासून 3 फूट, अशी शिडी लावली आणि 60 किलोचा माणूस अर्ध्यावर गेला, तर फरशीला साडेसात किलोचा रेटा अडवावा लागतो. तोच शेंड्याला पोचला की 15 किलोचा. शिडी 45 अंशांत पसरून लावली असेल, तर शेंड्याला पुरते 60! म्हणजे तळाशी घट्ट वाटलेली शिडी वर गेल्यावर दगा देते, जिथून पडणं सगळ्यात महाग.

भिंतही खरबरीत असेल, तर तोलाची समीकरणं तीन (आडवं, उभं आणि फिरणं) आणि अज्ञात बलं चार: फरशीचा नि भिंतीचा दाब, आणि दोघांचं घर्षण. कुणी किती घर्षण उचललं, हे नुसत्या त्या समीकरणांतून सुटतच नाही. रंगाऱ्याला त्याचं काही नाही. तो वरूनच सांगतो, "काका, नुसती धरू नका, खालच्या पायरीवर हुबं ऱ्हावा की!" बरोबरच आहे त्याचं. तळाशी वजन पडलं की फरशीवरचा दाब वाढतो, घर्षणाची ताकद वाढते, आणि बाहेरचा रेटा मात्र जेमतेम वाढतो. म्हणजे खाली माणूस वजनदार हवा. आमच्याकडे हे काम काटकुळ्या भाच्याच्या गळ्यात पडतं. हक्क खरा थोरल्या भावजींचा, पण त्यांना तसं सांगणार कोण?