एफएम२ मध्ये अपर्चरचा आकडा दिसतो, पण मीटरला तो कळतोच असं नाही (माझा अनुभव)

कोणाकडे जुना निकॉन एफएम२ (फिल्मचा कॅमेरा) असेल आणि त्यातलं उजेड मोजणारं मीटर अपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेडाचं भोक, लहानमोठं केल्यावर उलटसुलट रीडिंग देत असेल तर सर्किट गेलंय असं कोणी सांगितलं तरी लगेच मान्य करू नका. मी मान्य केलं नाही म्हणून कॅमेरा वाचला, पण त्याआधी जे काही झालं त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतोय.

कॅमेरा मामांचा, सोबत ५० एमएम १.८ ची लेन्स. मामांनी हौसेने वापरलेला, मग बरीच वर्षं कपाटात पडून. मी सोलापुरात सिद्धेश्वर तलावावर आणि भुईकोट किल्ल्यात रोल काढायला लागलो तेव्हा सुरुवातीला सगळं मस्त होतं, मग एका रोलमध्ये विचित्र प्रकार दिसला. ऊन तेच, जागा तीच, दर वेळी मीटरच्या दिव्यांतला मधला गोल (म्हणजे एक्स्पोजर बरोबर) पेटल्यावरच क्लिक केलेलं, तरी काही निगेटिव्ह अगदी पातळ आणि काही एकदम गच्च काळे. बॅटरी बदलली (एलआर४४ दोन लागतात, नवीनच घाला, कपाटातल्या जुन्या नको), लेन्सच्या पात्या बघितल्या, कोरड्या आणि चटपटीत. शटरचा आवाजही प्रत्येक स्पीडला बरोबर. मग पुण्यात एका रिपेअरवाल्याचं नाव कळलं, हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो आणि कॅमेरा देऊन आलो.

खरी रखडपट्टी इथून सुरू झाली. मी काउंटरवर नीट सांगितलं होतं की शटर स्पीड बदलला की मीटरचे दिवे बदलतात, आयएसओ बदलला तरी बदलतात, पण अपर्चर फिरवल्यावर कधी बदलतात कधी नाही, त्यामुळे अपर्चरकडे बघा. त्यांनी व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि म्हणाले, "साहेब, वरती एफचा आकडा दिसतोय ना? रिंग फिरवली की बदलतोय ना? म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला कळतीय. सर्किट गेलंय." मी म्हटलं उघडून बघा तरी. "बघतो, ठेवून जा." मग फोन केला की एकच उत्तर, पार्ट मुंबईहून येणार. पुढच्या फोनला, पार्ट शोधतोय. त्याच्या पुढच्याला, मालक बाहेर गेलेत. दिवाळीच्या आधी दिलेला कॅमेरा, इकडे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेचे, म्हणजे गड्ड्याचे, पाळणे उभे राहायला लागले तरी कोणी स्क्रू ड्रायव्हर लावलेला नाही! यात्रेत नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) फिल्मवर काढायचे हे मी वर्षभर ठरवून ठेवलेलं, रोल आणून फ्रिजमध्ये ठेवलेले, आणि कॅमेरा तिकडे कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये. शेवटी स्वतः जाऊन परत घेऊन आलो, वर चेकिंग चार्ज पण घेतला. पावतीवर लिहिलेलं काय, तर "मीटर खराब". एवढं तर मीच सांगितलं होतं ना.

परतीच्या गाडीत त्यांचं ते वाक्य डोक्यात फिरत होतं, आकडा दिसतोय म्हणजे लेन्स कळतीय. आणि कॅमेरा हातात घेऊन नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की त्या वाक्यातच गडबड आहे. एफएम२ मध्ये आत दिसणारा अपर्चरचा आकडा कोणतीही वायर किंवा सेन्सर आणून देत नाही. लेन्सच्या रिंगवर मोठ्या आकड्यांच्या मागे, माउंटच्या बाजूला, बारीक आकड्यांची दुसरी ओळ असते, आणि प्रिझमखालची छोटी खिडकी ती ओळ सरळ डोळ्याला दाखवते. हे फक्त आपल्याला दिसण्यासाठी. खिडकीवर बोट ठेवलं की आकडा गायब, मीटरला काही फरक पडत नाही. मीटरला अपर्चर कळतं ते पूर्ण वेगळ्या वाटेने. माउंटभोवती एक फिरती रिंग असते, तिला एक छोटा खुंट, लेन्सच्या रिंगचा उंचवटा त्या खुंटाला ढकलतो आणि स्प्रिंग त्याला परत ओढते. मीटर उजेड मोजतं लेन्स पूर्ण उघडी असताना, आणि फोटोच्या वेळी किती स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) बंद होणार हे त्या खुंटाच्या जागेवरून धरतं. निकॉनने १९७७ साली आणलेली एआय (ऑटोमॅटिक इंडेक्सिंग) पद्धत ती हीच. म्हणजे दोन वाटा, एक डोळ्याची आणि एक मीटरची, आणि पहिली चालू आहे म्हणून दुसरी चालूच असणार असं काही नाही.

मग घरी टेस्ट केली, ही प्रत्येकाने करा, दोन मिनिटं लागतात. सावलीतल्या एकरंगी भिंतीसमोर कॅमेरा पक्का ठेवा, फिल्मचा लिव्हर थोडा बाहेर ओढा म्हणजे शटरचं बटण अर्धं दाबल्यावर मीटर सुरू होतं. ५.६ ला गोल पेटेल असा स्पीड लावा. आता रिंग १.८ पर्यंत नेऊन परत ५.६ ला आणा. मग २२ पर्यंत नेऊन परत ५.६ ला आणा. दोन्ही वेळा गोलच पेटायला पाहिजे. माझ्या कॅमेऱ्यात एका बाजूने आलो की गोल, दुसऱ्या बाजूने आलो की भलतंच चिन्ह, आणि आत आकडा मात्र दोन्ही वेळा ५.६ च! लेन्स काढून तो खुंट बोटाने हळूच सरकवला आणि सोडला, तर पटकन परत यायचं सोडून मध्येच थांबला. एवढा आनंद झाला की काय सांगू, कारण मीटर ठणठणीत आहे, फक्त त्याला निरोप उशिरा मिळतोय किंवा मिळतच नाही हे कळलं.

नवी पेठेत जुना स्टुडिओ चालवलेले एक काका आहेत, त्यांच्याकडे नेला. त्यांनी आधी स्वतःची २८ एमएम लावून तीच टेस्ट केली, म्हणजे दोष लेन्सचा नाही हे पक्कं झालं. मग म्हणाले, "ग्रीस लई वाळलंय बाळा, त्यात धूळ बसलीय." माउंट उघडून रिंग साफ केली, नावापुरतं नवीन ग्रीस लावलं, बस. कुठलाही पार्ट मुंबईहून आला नाही. पुण्याला घेतलेल्या चेकिंग चार्जपेक्षाही कमी पैसे घेतले.

लेन्स विकत घेताना एक बघा, रिंगवरच्या धातूच्या कानांना भोकं असतील तर ती बहुतेक एआय, भरीव कान असतील तर आधी विचारून घ्या. जुनी, एआय न केलेली लेन्स एफएम२ वर जोर लावून बसवली तर तो खुंटच तुटू शकतो. आधीच्या एफएमवर खुंट वर दुमडता येतो, एफएम२ वर येत नाही. सिरीज ई च्या लेन्सना कानच नसतात तरी त्या चालतात. आणि अपर्चरची रिंग नसलेल्या 'जी' (G) प्रकारच्या लेन्स यावर घेऊ नका, त्या सगळ्यात बारीक अपर्चरलाच अडकून राहतात.

यात्रेत कॅमेरा वापरला आणि सगळे रोल एकसारखे निघाले. तिथे एक गोष्ट वेगळी सांभाळावी लागते, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं फ्रेमभर असली की मीटर फसतं, कारण ते सगळं करड्या रंगाचं धरून चालतं. अशा वेळी एक ते दीड स्टॉप जास्त द्या. एफएम२ च्या मीटरचा ६० टक्के भर फ्रेमच्या मधोमध आखलेल्या गोलावर असतो (दिव्याचा गोल वेगळा), त्यामुळे त्या गोलात चेहरा किंवा सावलीतली जमीन घेऊन रीडिंग घेतलं तरी चालतं.

आणि रिपेअरला देताना पावतीवर "मीटर खराब" लिहू देऊ नका. "अपर्चर दोन्ही बाजूंनी फिरवल्यावर रीडिंग वेगळं येतं" असंच लिहायला लावा, आणि समोर लेन्स काढून खुंट दाखवा. घरच्या घरी त्या रिंगवर तेल किंवा डब्ल्यूडी-४० मारायचा मोह होईल, मला एका मित्राने तेच सुचवलं होतं, अजिबात करू नका. ते पसरत शटरच्या पात्यांपर्यंत गेलं तर मग खरंच मोठं काम निघेल.