रोमन फोरममधलं ग्रहण

रोमला गेलो तेव्हा कडक ऊन होतं, आकाशात ग्रहण-बिहण काही नव्हतं, पण फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, मी गेलो ते ग्रहणासाठीच. तिथल्या विया साक्रा या रस्त्याचे काळे ओबडधोबड दगड आहेत ना, त्यांच्यावरूनच इ.स.पू. 167 मध्ये मॅसेडोनियाचा हरलेला राजा पर्सियस काळ्या कपड्यात, लहान लेकरांसकट विजययात्रेत चालत गेला. त्याच्या आदल्या वर्षी रोमनांशी झालेल्या पिडनाच्या लढाईआधीच्या रात्री चंद्रग्रहण लागलं आणि त्याच्या सैनिकांनी धसकाच घेतला, की आता आपला राजा बुडणार. रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो की रोमन छावणीत सल्पिसियस गॅलस या अधिकाऱ्याने सगळं आधीच समजावून ठेवलं होतं, अमुक वेळेला चंद्र झाकला जाईल, घाबरू नका. तरीपण ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे रोमन सैनिकांनी रिवाज म्हणून काशाची भांडी बडवली, मशाली वर धरल्या आणि सेनापती पॉलसने चंद्राला अकरा कालवडींचा बळी दिला. मला हे फार जवळचं वाटतं. आमची आजी पंचांगात वेळ बघून ठेवायची आणि तरी ग्रहण लागलं की जप करत बसायची, बाहेरून 'दे दान सुटे गिराण' ऐकू यायचं.

रोमन लोकांची ही सवय ख्रिस्ती झाल्यावरही सुटली नाही बरं का, पाचव्या शतकात तुरिनचा बिशप मॅक्सिमस आपल्याच लोकांना झापतोय की चंद्रासाठी कसला आरडाओरडा करता!

तिथून पॅलाटिन टेकडीच्या पायथ्याशी सांता मारिया अँटिक्वा चर्चमध्ये शिरलो, आत एकदम गारवा. 847 च्या भूकंपात गाडलं गेलेलं हे चर्च 1900 मध्ये खणून काढलं. थिओडोटसच्या चॅपलमध्ये आठव्या शतकातलं क्रूसाचं भित्तिचित्र आहे आणि वर सूर्य नि चंद्र. येशूच्या मरणावेळी दुपारी बारा ते तीन अंधार पडला असं शुभवर्तमानात आहे, पण येशूचं मरण ज्या सुमारास झालं तो यहुद्यांचा वल्हांडण सण पौर्णिमेचा आणि सूर्यग्रहण फक्त अमावास्येला, शिवाय खग्रास जेमतेम साडेसात मिनिटांपर्यंत, तीन तास कुठलं! तिसऱ्या शतकातल्या जुलियस आफ्रिकॅनस या ख्रिस्ती लेखकानेही पौर्णिमेचाच मुद्दा काढून ते ग्रहण नव्हतं असं ठासून लिहिलं. म्हणजे रोमन माणसाला ग्रहणात राजाचं मरण दिसायचं, ख्रिस्ती माणसाला त्या अंधारात देवासाठी शोक करणारी अख्खी सृष्टी दिसली.

भिंतीचा रंग जागोजागी उडालाय. येशूच्या अंगात लांब बिनबाह्यांचा झगा आहे, आणि डोळे मात्र टक्क उघडे.