पीसीओएसमध्ये आहार नेमके काय करतो

पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे स्त्रियांमधील अंडाशय आणि संप्रेरकांशी निगडित विकार) निदान झाले की डॉक्टरांच्या चिठ्ठीपाठोपाठ वर्ज्य पदार्थांच्या याद्या येऊ लागतात. दूध बंद, गहू बंद, कोणी तर फळेही बंद करायला सांगते. मी हा विकार अनेक वर्षे सांभाळत आहे आणि या सरसकट बंदीचे कारण विचारल्यावर समाधानकारक उत्तर मला क्वचितच मिळाले आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनीही पीसीओएससाठी कोणताही एक विशिष्ट आहार इतरांपेक्षा सरस ठरलेला नाही, असेच म्हटले आहे. तरीही आहाराचा या विकाराशी निकटचा संबंध आहे, आणि तो इन्सुलिनच्या, म्हणजे रक्तातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या संप्रेरकाच्या मार्गाने येतो.

सोनोग्राफीत दिसणाऱ्या ज्या ‘गाठीं’नी आपण घाबरतो, त्या खरे तर वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका, म्हणजे अंडाशयातील बीज धारण करणाऱ्या छोट्या पिशव्या असतात. अनेक स्त्रियांमध्ये पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते अधिक प्रमाणात स्रवते. हे वाढलेले इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजेन (पुरुषी संप्रेरके) जास्त तयार करायला लावते, आणि त्याच वेळी टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे यकृतातील प्रथिनही कमी करते. मोकळे टेस्टोस्टेरॉन वाढले की मुरुमे येतात, चेहऱ्यावर केस वाढतात. बीजनिर्मितीची लय बिघडल्यामुळे पाळी लांबते. हे सडपातळ मुलींमध्येही घडते, त्यामुळे ‘तू तर बारीक आहेस, तुला कसला पीसीओएस’ या शेऱ्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे.

हे एकदा कळले की काय खावे, हा प्रश्न बराच सोपा होतो. जेवणानंतर रक्तातील साखर एकदम उसळू नये, एवढेच पाहायचे असते. त्यासाठी अख्खी धान्ये, कडधान्ये, भरपूर भाज्या आणि प्रत्येक जेवणात प्रथिनांचा ठळक वाटा ठेवावा. फळ अख्खे खावे, कारण रसात तंतुमय भाग फारसा उरत नाही. सर्वांत मोठा फरक मात्र गोड पेये सोडल्याने पडतो, असे माझे मत आहे. ती पोट भरत नाहीत आणि साखर तेवढी देऊन जातात.

वजन जास्त असेल तर ते ५ ते १० टक्क्यांनी उतरल्यावरही पाळी सुधारू शकते, म्हणजे ८० किलोच्या स्त्रीसाठी ४ ते ८ किलो. याकरिता उपासमार करू नये. पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये खाण्याशी निगडित मानसिक विकारांचे प्रमाण अधिक आढळते, आणि कडक बंदीनंतर अनावर खाणे हे चक्र कित्येकींच्या परिचयाचे असते. वर्षभर निभावता येईल असाच बदल निवडावा. चेहऱ्यावरील केसांबाबत तर औषधोपचारानेही फरक दिसायला सहा महिने लागू शकतात.

आहाराच्या भरवशावर काही गोष्टी सोडता येत नाहीत. पाळी वारंवार तीन महिन्यांहून अधिक लांबत असेल, तर गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टरांना दाखवावेच लागते. इन्सुलिनचा परिणाम सुधारणारे मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ चालू असल्यास बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावे. आहार-व्यायामाने बीजनिर्मिती पुन्हा सुरू झाली, तर पाळी येण्याआधीच गर्भ राहू शकतो; मूल नको असल्यास गर्भनिरोधनाची सोय पाळीची वाट न पाहता करावी.