आखाजीची मोजणी

माझ्या शीटवर त्या वस्तीतली ३८ घरं तिरप्या रेघांनी भरलेली होती. तिरपी रेघ म्हणजे रिकामं घर. रेघा मीच मारल्या होत्या, जानेवारीत, आणि सूचनेप्रमाणे मारल्या होत्या. तीन वेगवेगळ्या दिवशी जायचं. तिन्ही वेळा दाराला कुलूप दिसलं आणि शेजारीपाजारी कुणी सांगणारं भेटलं नाही, तर घर रिकामं धरायचं. माझ्या तिन्ही खेपा एकाच आठवड्यातल्या होत्या. शेजारी विचारावं तर शेजारच्या दारालाही कुलूपच.

मी नगररचना खात्यात रचना सहायक आहे. त्या वर्षी पांझरा आणि बोरी या नद्यांच्या मधल्या पट्ट्यातल्या एका नगरपरिषदेच्या सुधारित विकास आराखड्याचं काम आमच्याकडे होतं. आराखडा म्हटलं की लोकांना रुंद होणारे रस्ते आणि आरक्षणं आठवतात. त्याच्या आधीचं काम कुणाला दिसत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे आधी विद्यमान जमीन वापर नकाशा करावा लागतो. गावातला एकेक तुकडा आज कशासाठी वापरला जातोय ते जागेवर जाऊन बघायचं आणि रंगवायचं. राहती घरं पिवळी, दुकानं निळी, कारखाने जांभळे, शाळा-दवाखाने लाल. हे काम उन्हातान्हात पायी फिरून करायचं असतं आणि मला ते मनापासून आवडतं.

घरांचा हिशेब ऐकायला सोपा आहे. पुढच्या वीस वर्षांत किती कुटुंबं होतील याचा अंदाज काढायचा, आज वापरायोग्य घरं किती आहेत ते मोजायचं, आणि फरक म्हणजे तूट. त्या तुटीवरून आर्थिक दुर्बल घटकांच्या घरांसाठी किती जागा राखायची ते ठरतं. रिकामी घरं या हिशेबात शिलकीच्या बाजूला जातात. म्हणजे मी मारलेली प्रत्येक तिरपी रेघ एका कुटुंबाची गरज वजा करत होती. शीट भरताना हे माझ्या डोक्यात नव्हतं. रेघ मारायची आणि पुढच्या दाराकडे जायचं, एवढंच.

फेब्रुवारीच्या शेवटी तक्ते तयार झाले. त्या प्रभागात रिकाम्या घरांचं प्रमाण इतकं दिसत होतं, की घरांच्या आरक्षणासाठी विचारात असलेला नाल्यापलीकडचा गट, म्हणजे जमिनीचा तुकडा, वगळावा, असं टिपणीच्या मसुद्यात आलं. जागा कमी लागणार म्हटल्यावर सगळ्यांना हायसं वाटलं. मलाही वाटलं.

मार्चमध्ये शाळेच्या मैदानाचं माप राहिलं होतं म्हणून मी पुन्हा त्या वस्तीत गेलो. एका बंद घराच्या ओट्यावर एक म्हातारी आजी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सहज विचारलं, "आजी, हे घर किती वर्षं रिकामं आहे?" तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

"घर खाली नही शे, भाऊ. पोरं ऊसवर गयात. आखाजीले ये, मंग देख."

मी धुळ्याचा. आखाजी म्हणजे काय ते मला कुणी सांगायला नको होतं. अक्षय्य तृतीयेला खान्देशात लेकी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात, पितरांची घागर भरली जाते. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्याचं, सालसुद्धा आखाजीपासून धरतात. आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन गेलेले ऊसतोडीवाले, कुणी पश्चिम महाराष्ट्रातून, कुणी गुजरातेत बारडोलीकडून, हंगाम संपला की तोवर घरी पोचतात. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी जानेवारीतल्या कुलपांसमोर उभं असताना ते आठवलं नाही. त्याची टोचणी मला अजून आहे.

त्या रात्री मी जनगणनेचे तक्ते पुन्हा उघडले. आपल्याकडे अजून २०११ चेच आकडे धरावे लागतात. त्या जनगणनेत माणसं मोजली गेली ९ ते २८ फेब्रुवारी २०११ या दिवसांत. आणि नियम असा, की मोजणीच्या सगळ्या काळात जो घराबाहेर असेल त्याची नोंद घरी होत नाही. तो जिथे सापडेल तिथे होते. म्हणजे इथली माणसं मोजली गेली असतील तर उसाच्या फडावरच्या कोपीत, झोपडीत. मोजणीच्या आधीची घरयादी मात्र २०१० च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात झाली होती. त्या वस्तीचे दोन्ही आकडे शेजारी मांडल्यावर घरं जास्त आणि माणसं कमी दिसत होती, ते याच्यामुळे. आमच्या टिपणीत त्याच आकड्यांचा आधार घेऊन "घरांची उपलब्धता पुरेशी" असं लिहिलं होतं. आता पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे, म्हणजे माणसांची मोजणी पुन्हा फेब्रुवारीतच येणार. ऊसतोडीच्या गावांचे आराखडे करणाऱ्यांनी ही गोष्ट आत्ताच लिहून ठेवावी असं मला कळकळीनं वाटतं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आजी म्हणाली हा पुरावा होत नाही. दाखवता येईल असं काहीतरी आण." त्यांचं बरोबर होतं. आराखड्यावर उद्या हरकत आली, तर सुनावणीत आजीचं वाक्य टिकणार नाही.

म्हणून आखाजीच्या दिवशी सकाळी सातला मी शीट घेऊन वस्तीत हजर झालो. आईला ते आवडलं नाही. "सणाला घरात घागर भरायला माणूस नको का?" असं ती म्हणाली आणि तरी डब्यात सांजोऱ्या भरून दिल्या.

गल्लीच्या तोंडाशीच मला थांबावं लागलं. जानेवारीत जिथे फक्त माझ्या चपलांचा आवाज येत होता तिथे झोक्यावर पोरी होत्या, अंगणात बाजा टाकलेल्या होत्या, दारोदारी धुणं वाळत होतं. नव्या माठांच्या तोंडावर खरबुजं ठेवलेली. खापरावर पुरणपोळ्या चालल्या होत्या. आजी मला बघून हसली आणि हात गल्लीभर फिरवून म्हणाली, "आते मोज, भाऊ."

मोजायला सुरुवात केली. ३८ पैकी ३३ दारं उघडी होती. उरलेल्या पाचांपैकी दोन घरं पडकी होती, ती खरोखर रिकामी. एक कुटुंब हंगामानंतर गुजरातेतच वीटभट्टीवर थांबलं होतं. दोन घरांची माणसं दुसऱ्या गावी लग्नाला गेलेली. या तिन्हींची खात्री शेजाऱ्यांनी दिली. आता शेजारी होते.

पण दारं मोजून काम संपलं नाही, उलट तिथून खरं काम सुरू झालं. दुपारी बारा-साडेबाराला आगारी टाकायची वेळ झाली. गोवरीचा निखारा काढून त्यावर पितरांच्या नावानं घास टाकतात, तुपाची धार सोडतात. मी आजीच्या ओट्यावर बसलो होतो. समोरच्या घराला घरपट्टीचा नंबर एक, माझ्या शीटवर घर एक. धूर मात्र तीन ठिकाणांहून निघत होता: पुढच्या खोलीतून, मागच्या पत्र्याच्या शेडमधून, आणि बाजूला कुडाच्या भिंती उभ्या केल्या होत्या तिथून. तिघे भाऊ, तिघांची लग्नं झालेली, तिघांच्या चुली वेगळ्या. त्या वस्तीत जो वेगळा झाला तो आगारीही वेगळी टाकतो. जनगणनेच्या व्याख्येतही कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. पुस्तकात ती व्याख्या मी परीक्षेसाठी पाठ केली होती. त्या दुपारी ती धुराच्या रूपानं माझ्यासमोर उभी राहिली.

मी उठलो आणि गल्ली पहिल्यापासून पुन्हा फिरलो. या वेळी विचारलं एवढंच: "इथे चुली किती?" उघडलेल्या ३३ घरांत ५२ चुली निघाल्या. एका घरात धाकट्या भावाचं लग्न ठरलं होतं. तो गेल्या वर्षीच्या उचलीतून आणलेल्या विटा दाखवत म्हणाला, पुढच्या हंगामानंतर भिंत चढेल. म्हणजे ज्या गल्लीला आम्ही ३८ घरं शिल्लक म्हणून लिहिलं होतं, तिथे माणसांना घरं कमी पडत होती. मला खूप वाईट वाटलं. आणि खरं सांगतो, त्याच वेळी कामाला आल्यासारखंही वाटलं.

आता दाखवता येईल असा कागद हवा होता. तो आजीनंच काढून दिला. तिच्या पत्र्याच्या डब्यात शंभर रुपयांचा स्टॅम्प पेपर होता, घरपट्टीच्या पावत्या, रेशनकार्ड, आणि विजेची बिलं वर्षावार लावलेली. ही वस्ती गावठाणाबाहेर, शेताच्या गटातून गुंठ्या-गुंठ्यानं घेतलेल्या जागेवर उभी आहे. गुंठेवारीचा कायदा २००१ चा. नियमित करण्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली गेली. घर कधीपासूनचं ते सिद्ध करावं लागतं, म्हणून इथलं कुणी कागद फेकत नाही. "कागद कामले येस," आजी म्हणाली.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या वापराचे खांब छापलेले असतात. आजीच्या मुलाच्या बिलावर ते अगदी स्वच्छ दिसत होतं. पावसाळ्यात उंच खांब, दिवाळीनंतर जवळजवळ शून्य, एप्रिलपासून पुन्हा उंच. खरोखर रिकाम्या घराचं बिल बारा महिने सपाट असतं. मी दारोदार फिरून ज्यांच्याकडे बिल होतं त्यांचे, त्यांची परवानगी घेऊन, फोटो काढले. संध्याकाळी अंगणवाडीच्या ताई आल्या. त्यांच्या रजिस्टरमध्ये प्रत्येक कुटुंबाची नोंद होती आणि कोणतं मूल कधी गावाबाहेर गेलं, कधी परतलं याच्या तारखा. जिल्हा परिषदेच्या शाळेत स्थलांतर करणाऱ्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात, त्याचीही यादी गुरुजींकडे आहे असं त्यांनी सांगितलं. हे सगळे कागद गावातच होते. आमच्या खात्यानं ते मागितले नव्हते, कारण आमच्या नमुन्यात त्यांचा रकाना नव्हता.

निघताना आजीनं विचारलं, "आमनं काय व्हई?" मी म्हणालो, जागा राहील की नाही ते माझ्या हातात नाही, पण घरं रिकामी आहेत असं आता कुणी लिहिणार नाही. एवढंच मी खात्रीनं सांगू शकत होतो.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर चार गोष्टी ठेवल्या: आखाजीची मोजणी, विजेच्या बिलांचे फोटो, अंगणवाडीच्या नोंदींचा गोषवारा आणि जनगणनेच्या दोन टप्प्यांच्या तारखा. त्यांनी तासभर वाचलं. मग म्हणाले, "बाकीच्या प्रभागांत अशी कुलपं किती असतील?" तिथून पुढचे दोन आठवडे आम्ही पाच जण, ऊन ४३-४४ अंशांवर असताना, बंद घरांची प्रत्येक नोंद पुन्हा तपासत होतो. नमुन्यात एक नवा रकाना आला: 'हंगामी बंद'. दुसरा आला: 'चुली'. तक्ते बदलले, तूट बदलली, आणि नाल्यापलीकडचा गट टिपणीत परत आला. त्यातली निळ्या पूररेषेच्या आतली पट्टी सोडून, कारण २५ वर्षांतून एकदा पाणी येईल अशा जागी पुन्हा याच लोकांना बसवणं मला मान्य नव्हतं आणि मी ते लेखी दिलं. ३१ ऑगस्ट २०२१ ला चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी घराघरात शिरलं, तेव्हा मी तिथे पंचनाम्याच्या मदतीला होतो. चिखलात भिजलेली रेशनकार्डं लोक भिंतीवर वाळत घालत होते, ते मी विसरलेलो नाही.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला तो सप्टेंबरच्या शेवटी. हरकती-सूचनांना कलम २६ प्रमाणे ३० दिवस. जमीनमालकाची हरकत पहिल्याच आठवड्यात आली, तो त्याचा हक्कच आहे. पण नियोजन समितीपुढच्या सुनावण्या डिसेंबर-जानेवारीच्या आधी लागणार नाहीत हे दिसत होतं, आणि ज्यांच्यासाठी जागा राखली ते तेव्हा फडात असणार. मी सरकारी माणूस, कुणाला अर्ज करा असं सांगणं माझं काम नाही. अंगणवाडीच्या ताईंनी शेवटची तारीख विचारली, ती मात्र मी सांगितली. ती नोटिशीवर छापलेलीच होती.

मुकादमाच्या गाड्या लागायच्या आधी, दसऱ्याच्या तीन दिवस अलीकडे, वस्तीचा अर्ज नगरपरिषदेत पोचला. खाली सह्या आणि अंगठे मिळून १०४, प्रत्येक चुलीचे दोन, सोबत विजेच्या बिलांच्या झेरॉक्स. अर्ज द्यायला आजी स्वतः आली होती. आवक क्रमांकाचा शिक्का पडेपर्यंत ती टेबलापाशी उभी राहिली आणि पोच घडी करून पदराच्या गाठीत बांधून घेऊन गेली.