दहा बाय अकरा

आमच्या घरात लेकीची म्हणून एक खोली आहे, दहा बाय अकराची. लेकीची हे आपलं म्हणायला. शिलाई मशीन तिथंच, नवऱ्याचे ऑफिसचे फोन तिथंच, पावसाळ्यात कपड्यांच्या दोऱ्या तिथंच आणि सासूबाई गावाकडून आल्या की त्यांची गादीही तिथंच पडते. उरलेल्या जागेत आठ वर्षांची पोरगी अभ्यास करते, झोपते आणि मामाच्या पोराशी कुस्ती खेळते.

मागच्या दसऱ्याआधी घराला रंग द्यायचं निघालं, तेव्हा मी या खोलीसाठी बराच हिशेब मांडला होता. घडीचा पलंग, सरकतं कपाट, लाकडी पार्टिशन. पण आणाल ती वस्तू जमीन मागते, आणि आमच्याकडं जमीनच नाही. रंग तेवढा काही मागत नाही. एका भिंतीच्या दोन भिंती करायला मास्किंग टेपची एक गुंडाळी पुरते.

ही काही माझी अक्कल नव्हे. आमच्या कोल्हापुरात हा उद्योग शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेलाय. आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. फळ्या त्याच, माणसं तीच. मागचा पडदा बदलला की दरबाराचं जंगल व्हायचं आणि जंगलाचा रस्ता. आमच्या खोलीलाही दिवसातून चार वेळा पडदा बदलावा लागतो. फक्त तो गुंडाळून वर नेता येत नाही. मग सगळे पडदे एकदम लावून ठेवायचे आणि आपण तोंड फिरवायचं.

दुकानदारानं शेडकार्ड दिलं. त्यातली नावं वाचून मला काही बोध होईना. पोरीनं मात्र दहा मिनिटांत सगळ्यांचं बारसं करून टाकलं. एक गुळाच्या रव्याचा, एक रंकाळा तळ्याचा (सकाळचा, संध्याकाळचा नव्हे) आणि एक तालमीच्या मातीचा. "ह्यो मी घेतो," म्हणाली. इथल्या पोरी स्वतःला 'घेतो', 'जातो' म्हणतात. पुण्याच्या माझ्या जावेला दर वेळी धक्का बसतो.

गुळाचा रंग तिला चारही भिंतींना हवा होता. तिथं आमचे रंगारी मामा आडवे आले. "बाळा, कार्डावर गूळ दिसतोय, भित्तीवर काकवी हुतीया." खरंच आहे ते. कार्डावरचा तुकडा बोटाएवढा. तोच रंग चार भिंतींना लागला की भिंती एकमेकींवर रंग फेकतात आणि सगळंच दोन पायऱ्या गडद होतं. म्हणून मनात भरलेल्या रंगाच्या वरचा फिका घ्यायचा. त्यांनी ड्रॉइंगच्या मोठ्या कागदावर नमुन्याचे दोन हात मारून दिले आणि म्हणाले, चार दिवस हा कागद घरभर फिरवा. आम्ही फिरवला. खिडकीसमोर सकाळी लोण्यासारखा दिसणारा पिवळा पश्चिमेच्या उन्हात पाच वाजता थेट भगवा झाला, आणि पांढऱ्या ट्यूबखाली आजारी. शेवटी पिवळा टेबलामागच्या एका पट्ट्यापुरता ठेवला आणि ट्यूब काढून जरा उबदार दिवा लावला.

तालमीच्या मातीच्या रंगाचं मात्र मला आजही कौतुक आहे. खालून तीन फूट, दोन भिंतींना मिळून साठेक चौरस फूट; एका लिटरात दोन हात झाले. हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद मिसळतात म्हणे. आमच्या मातीत नुसतं पाणी होतं. पण कुस्ती तिथंच होते, पाय तिथंच घासतात, बिस्किटाचे हात तिथंच पुसले जातात, आणि काही म्हणजे काही दिसत नाही. मुलांच्या खोल्यांत जमिनीपासून छतापर्यंत फिकट गुलाबी नाहीतर फिकट निळा फासणाऱ्यांनी कधी मूल पाळलेलं नसावं. भिंतीवर कार्टून रंगवून घेणं तर मला मुळीच पटत नाही. पोरगं दोन वर्षांत त्या कार्टूनातून मोठं होतं आणि हत्ती तिथंच राहतो.

चकाकीवरूनही थोडं वाजलं. अगदी मॅट रंग डोळ्याला शांत, पण पुसला की डाग पडतो. चकाकणारा पुसता येतो, पण भिंतीचं एकूण एक टेंगूळ दाखवतो. आमच्या भिंतींना टेंगळं भरपूर. मग खाली पुसायचा, वर मॅट.

एका गोष्टीवर मी अडून बसले. खिडकीच्या गजांवर मागच्या मालकांच्या वेळचा ऑइलपेंट होता, आणि मामा तो कोरडाच घासायला निघाले होते. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत नव्वद भागांच्या, वर नको, हा नियम आपल्याकडं १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात काय असेल कुणी सांगावं. पोरीला शेजारी पाठवलं, गज ओले करून वॉटर पेपरनं घासायला लावले आणि फरशी दोनदा ओल्या फडक्यानं पुसून घेतली. मामांनी "वहिनी लय शिकलेल्या" म्हणत ऐकलं. हे कौतुक होतं की टोमणा, ते अजून कळलेलं नाही.

झोपायच्या बाजूला रंकाळा. सासूबाई दिवाळीत आल्या. गादीवर आडव्या झाल्या आणि बराच वेळ वर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "समद्यांचं रंग झालं, माझा कुठला?" आम्ही भिंती, पट्टे, कोपरे सगळे वाटून टाकले होते, पण खाली झोपणाऱ्या माणसाला रात्रभर दिसतं ते छत, आणि ते आम्ही पांढरं सोडून दिलेलं. मामांना पुन्हा बोलावलं. छताला अगदी पुसटसा हिरवा गेला, भाताच्या तरव्यासारखा. तो सासूबाईंनी निवडला, कार्डाशिवाय, खिडकीतून बाहेर बोट दाखवून.

पश्चिमेची भिंत आम्ही मुद्दाम फिकी ठेवली होती. इथला पाऊस त्याच बाजूनं झोडपतो, आणि गडद रंगावर ओल आणि खारं लगेच डोळ्यात भरतं. बाहेरून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, आतून पुट्टी नव्यानं भरली, रंग भिंत पुरती वाळल्यावरच दिला. तरी या जुलैत खालच्या कोपऱ्यात ओल उगवलीच. मी हळहळले. पोरगी पेन्सिल घेऊन आली.

जुलैत आमच्या गावात सकाळी चहाच्या आधी पंचगंगा किती फुटांवर, हे विचारतात. राजाराम बंधाऱ्याशी ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. शाळेतल्या पोरांनाही पाठ. तिनं ओलीच्या वर पट्टीनं दोन आडव्या रेघा आखल्या, नावं घातली, शेजारी तारखांना जागा सोडली. आता रोज शाळेला जाताना ती खोलीतून ओरडून वार्ता देते. आज सकाळी ओल इशारा पातळीच्या दोन बोटं खाली होती, आणि विसर्ग सुरू होता.